त्रिकोणातील दीर्घिकांची जोडी कशी पाहावी आणि कशी पारखावी

एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या गेलेल्या दोन लंबवर्तुळाकार दीर्घिका प्रत्यक्ष पाहायच्या असतील, तर त्रिकोण तारकासमूहातील एनजीसी 750 आणि एनजीसी 751 ही जोडी निवडावी. विचित्र आकाराच्या दीर्घिकांच्या आर्प यादीत तिला आर्प 166 असेही म्हणतात. महाराष्ट्रातून ती डोक्यावरून किंचित उत्तरेकडे जाते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास सर्वांत उंच असते. मात्र डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची) दुर्बीण माथ्याजवळ वळवणे त्रासाचे असल्याने त्याआधी किंवा नंतर तास-दीड तासाने पाहणे अधिक सोयीचे.

चंद्र नसलेली रात्र, शहराच्या उजेडापासून दूरची जागा आणि किमान आठ इंची दुर्बीण हवी. त्रिकोणाच्या टोकाच्या अल्फा ताऱ्यापासून बीटा ताऱ्यापर्यंत रेषा कल्पावी, अर्ध्यापेक्षा थोडे पुढे जावे आणि तेथून पश्चिमेला सुमारे एक अंश सरकावे. कमी वर्धनात एकच अंधुक ठिपका दिसेल. दोन्ही केंद्रांमध्ये जेमतेम 20 विकलांचे (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) अंतर असल्यामुळे, हवा स्थिर असताना वर्धन दीडशे-दोनशेपर्यंत वाढवून, नजर किंचित बाजूला ठेवून शांतपणे पाहत राहावे. घाई करू नये: विल्यम हर्शेल यांनी 1784 मध्ये 750 नोंदवली, पण 751 वेगळी ओळखली गेली ती 1850 मध्ये, आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांच्या प्रचंड दुर्बिणीतून.

दिसणे आणि बांधलेले असणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत, आणि माझ्या मते खरा अभ्यास येथून सुरू होतो. प्रथम ‘नेड’ या दीर्घिकांच्या खुल्या माहितीसंचात दोघींच्या ताम्रसृतीवरून (दूर जाताना प्रकाश तांबड्याकडे सरकण्यावरून) काढलेले वेग पाहावेत. दोन्ही सेकंदाला 5 हजार किलोमीटरच्या थोडे वर असून त्यांतील फरक अगदी लहान आहे. तेवढ्यावर थांबू नये, कारण सारखा वेग हा संकेत आहे, पुरावा नव्हे. त्यानंतर दीर्घ उद्भासनाचे (बराच वेळ प्रकाश साठवलेले) छायाचित्र घेऊन बाहेरचा अंधुक भाग उजळ करावा, म्हणजे भरती-ओहोटीच्या बलाने ताऱ्यांची ओढली गेलेली विरळ शेपटी दिसते. दुरून केवळ एका दृष्टिरेषेत आलेल्या दीर्घिकांमध्ये अशी विकृती होऊ शकत नाही.

तुलनेसाठी वसंतात कन्या तारकासमूहातील एम 84 आणि एम 86 या दीर्घिका पाहाव्यात. त्या शेजारी दिसतात, पण एम 86 आपल्याकडे येत आहे, तर एम 84 सेकंदाला सुमारे हजार किलोमीटर वेगाने दूर जात आहे.