अंगठ्याची घाई, नव्या-जुन्याची दिरंगाई: या चुका टाळा

“माझं आधार बँकेला लिंक हाय” असं छातीठोक सांगणाऱ्याला विचारा, कुठल्या बँकेला? उत्तर येतं, “सगळ्याच.” घोळ इथूनच सुरू होतो. आधार कितीही खात्यांना जोडता येतं, पण सरकारी पैसा एकाच बँकेत जातो. एनपीसीआय, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणारी राष्ट्रीय संस्था, तिच्या यादीत ज्या बँकेची नोंद शेवटी झाली, तिथे.

सांगोल्याच्या बाजारात कुणीतरी टेबल मांडून बसतो. “मावशी, फुकट खातं हाय, अंगठा ठेवा हितं.” मावशी अंगठा ठेवते आणि नोंद तिकडे सरकते. पुढच्या महिन्यात लाडक्या बहिणीचे 1500 रुपये जुन्या पासबुकात दिसत नाहीत. बँक म्हणते आले नाहीत, पोर्टल म्हणतं जमा झाले. गाव ते तालुका हेलपाटे सुरू, आणि पैसे मात्र त्या विसरलेल्या खात्यात सुखाने पडून! इतक्या धावपळीआधी ‘माय आधार’ संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ (अनुदानासाठी कुठली बँक जोडलीय ते) बघायला दोन मिनिटं लागतात. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव समोर दिसतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा अर्ज भरा आणि ‘अनुदान याच खात्यात’ या संमतीवर खूण करा. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालं, हा समज सोडा. अर्जाची पोच घ्या, चार दिवसांनी स्टेटस पुन्हा बघा.

दुसरी चूक पीक कर्जाची. “कारखान्याचं बिल आलं की भरू.” कायद्याने ऊस गेल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) मिळायला हवी, प्रत्यक्षात काय होतं, ते माढ्यापासून माळशिरसपर्यंत कुणालाही विचारा. बँकेची तारीख मात्र बिलासाठी थांबत नाही. किसान क्रेडिट कार्डावरच्या 3 लाखांपर्यंतच्या पीक कर्जाला 7 टक्के व्याज, वेळेत भरलं तर त्यातले 3 टक्के माफ. 2 लाखांच्या कर्जावर हे वर्षाचे 6000 रुपये झाले. राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलतही वेळेत भरणाऱ्यालाच मिळते. नुसतं व्याज भरून भागत नाही, मुद्दलही भरावं लागतं.

मग शेवटच्या दिवशी नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलायला, सावकार गाठतात. चारच दिवसांसाठी 2 लाख, शेकडा 3 रुपयांनी. सावकार चार दिवसांचा हिशेब करत नाही, अख्खा महिना धरतो: 6000 रुपये. जी सवलत वाचवायला गेलात, ती त्याच्या खिशात गेली. साधी सवय लावा: कर्ज मिळालं त्याच दिवशी परतफेडीची तारीख पासबुकाच्या पहिल्या पानावर लिहा आणि तिच्या दीड महिना आधी पैशाची जुळणी सुरू करा. शेवटच्या आठवड्यात धावणाऱ्याला कुठलंही ॲप वाचवत नाही.

आधारवर पैसे काढताना बँक मित्र (गावातला बँकेचा प्रतिनिधी) “लागला नाही, परत ठेवा” म्हणाला तर दुसऱ्यांदा अंगठा ठेवण्याआधी मोबाईलवरचा मेसेज बघा. पैसे कापले गेले पण हातात आले नाहीत, तर पावतीवरचा 12 आकडी आरआरएन (व्यवहाराचा क्रमांक) घेऊन आपल्या बँकेत तक्रार करा. पाच दिवसांत परत आले नाहीत, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. पावतीच घेतली नसेल तर बोलणार कशाच्या जोरावर?

कर्जाचं ॲप 5000 मंजूर करतं, हातात 3500 ठेवतं आणि सात दिवसांनी 5000 मागतं. गावातला सावकार याच्यापुढे साधू. बँकेचं किंवा एनबीएफसीचं (बँक नसलेल्या वित्त कंपनीचं) नाव आणि वर्षाचा एकूण दर कागदावर दिसला नाही, तर ॲप काढून टाका. ओटीपी दिलाच असेल तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, उद्या नव्हे.

भावकीत जामीन राहिलात तर त्याचा थकलेला हप्ता तुमच्याही सिबिलमध्ये दिसतो. कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या चारही क्रेडिट कंपन्यांचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून बघा. सिबिल वाढवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला चहासुद्धा पाजू नका.