सायकलवरून जोतिबा आणि पन्हाळा: एका सकाळची चढाई कशी करावी

कोल्हापुरात रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून घरी येणाऱ्या कितीतरी जणांना वाटतं, पन्हाळा काही आपल्याला जमणार नाही. जमतो. फक्त तो मांड्यांच्या जोरावर चढायचा नसतो, लहान गिअर आणि राखून ठेवलेला दम यांवर चढायचा असतो. खाली सांगतो तो फेरा साधारण 50 किलोमीटरचा आहे: गंगावेशीतून शिवाजी पूल, केर्ली, जोतिबा, मग दानेवाडी-वाघबीळमार्गे पन्हाळा आणि परत. वाटेत दोन डोंगर आहेत, म्हणून सलग दोन-अडीच तास सायकल चालवायची सवय झाल्यावरच हा फेरा घ्या. तोवर एका दिवशी नुसता जोतिबा, दुसऱ्या दिवशी नुसता पन्हाळा केला तरी चालेल.

आठवडाभर आधी

पहिल्यांदा गिअर तपासा. रोड सायकलला पुढे 50-34 दात्यांच्या चकत्या आणि मागे 11-32 दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) असेल तर काळजी नाही. पुढे 34 आणि मागे 32 वर चेन टाकली की पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम सव्वादोन मीटर पुढे सरकते. चढाला हेच हवं. मागची सर्वांत मोठी चकती 28 दात्यांची असेल तर तेवढ्याच फेऱ्यात अडीच मीटर जाते. आकड्यात फरक थोडा वाटतो, पण जोतिबाच्या शेवटच्या वळणावर तो गुडघ्यांना नेमका कळतो. नवी सायकल घेताना दुकानदाराला कॅसेट विचारून घ्या. बिनगिअरची सायकल असेल तर चढाचा भाग ढकलत न्या, त्यात कसलाही कमीपणा नाही.

चाकात हवा भरताना टायरवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत जाऊ नका. 28 मिलिमीटरच्या टायरला 70 किलो वजनाच्या माणसासाठी 75 ते 80 पीएसआय पुरते. त्याहून कडक टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो आणि ओल्या वळणावर घसरतो. ब्रेक पॅड झिजलेत का ते बघा, कारण परतीचा सगळा उतार त्यांच्यावरच आहे.

सरावाला टेंबलाई टेकडी उत्तम. आठवड्यातून दोन दिवस ती पाच-सहा वेळा चढा, तीही बसून. पॅडलवर उभं राहायची सवय लावून घेऊ नका. उभं राहिलं की नाडी चढते आणि मोठ्या घाटात ती लवकर उतरत नाही.

दिवस कोणता धरावा

रविवार नको. जोतिबाचा वार रविवार, त्यामुळे घाटात गाड्यांची रांग असते. चैत्र यात्रेच्या आसपास तर सायकल घरीच ठेवा आणि देवाला एसटीने जा. मंगळवार ते शुक्रवारपैकी कोणताही दिवस चांगला. ऋतू म्हणाल तर पाऊस सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

पावसाळ्यात जायचंच असेल तर आदल्या रात्री राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी इशाऱ्याकडे चढत असेल तर बेत रद्द करा. रेडेडोह फुटला, म्हणजे त्या जागी नदी काठ ओलांडून बाहेर पडली, की शिवाजी पुलापलीकडे रत्नागिरी रस्त्यावर पाणी येतं आणि परतायची वाट बंद होते. जुलै 2021 च्या पावसात पन्हाळ्याचा मुख्य रस्ताच खचला होता. धो-धो पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांत त्या घाटाखालून जाऊ नये, हे मी आता नियम म्हणून पाळतो.

पहाटेची निघायची वेळ

थंडीत पावणेसहाला गंगावेशीत या. पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा, दोन्ही चालू. दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, ग्लासात फेसाळ धार पडत असते, मोह होतो. पण चढाच्या आधी ग्लासभर निरसं दूध पोटात घालू नका, घाटात पोट दुखतं. ते संध्याकाळी परत येऊन प्यावं. निघताना एक केळं आणि दोन घोट पाणी बास. खिशात गूळ-शेंगदाणे ठेवा. कोल्हापुरी गुळाइतकं सोयीचं खाणं मला सायकलवर दुसरं सापडलेलं नाही. दोन बाटल्या पाणी, त्यातल्या एकीत चिमूटभर मीठ. एक जादा ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप आणि पन्नास-शंभराच्या सुट्या नोटा.

शिवाजी पुलावर एक मिनिट थांबा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांचं हे पाणी वर प्रयाग चिखलीला एक होतं. हवं तर एखाद्या रविवारी फक्त चिखलीच्या संगमापर्यंत जाऊन या, नवख्यासाठी तो छान सपाट फेरा आहे.

केर्लीपर्यंत सपाट, पण सावध

आंबेवाडी, रजपूतवाडी, केर्ली हा पट्टा दोन्ही बाजूंनी उसाचा. गळीत हंगामात इथे खरा धोका चढाचा नसतो, ट्रॉलीचा असतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. ऊस दोन्हीकडे हातभर बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली वळणावर आत येते. मागे चिकटूनही जाऊ नका, वरून मोळी सुटते. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, म्हणून अंधारात वेग कमी ठेवा.

शेतातून बाहेर पडणाऱ्या चाकांनी रस्त्यावर ओल्या मातीचा पट्टा उमटतो. तीन वर्षांपूर्वी केर्लीजवळ अशाच पट्ट्यावर मी पुढचा ब्रेक दाबला आणि कळायच्या आत आडवा झालो. बांधावर मोळ्या बांधणाऱ्या एक मावशी धावत आल्या. "लागलं काय रं लेकरा? बस, बस, उठू नगंस," म्हणत त्यांनी आपल्या कळशीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं, माती धुतली आणि पदराच्या गाठीतली सुपारी काढून हातावर ठेवली. तेव्हापासून ओली माती दिसली की मी ब्रेक आधीच, कोरड्या डांबरावर लावतो आणि पट्ट्यावरून सायकल सरळ, न वळवता, न दाबता जाऊ देतो. तुम्हीही तेच करा.

जोतिबाचा घाट

केर्लीच्या फाट्यावरून उजवीकडे वळलं की चढ सुरू होईल. चढ लागायच्या आधीच चेन लहान गिअरवर, म्हणजे पुढे लहान आणि मागे मोठ्या चकतीवर आणा, ऐन चढात जोर लावून गिअर बदललात तर चेन उतरते किंवा तुटते. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर, खांदे सैल. पाय मिनिटाला 60 ते 70 फेरे मारत राहावेत. वेगाकडे बघूच नका, तो ताशी 7-8 असला तरी चालेल. मोजमाप एकच: शेजारच्या सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. तुटक शब्द यायला लागले की आणखी हळू. वळणात आतल्या बाजूला चढ जास्त उभा असतो, मागून गाडी नसेल तर मधून घ्या.

वाटेत कुणाला "किती राहिलं, मामा?" विचारलं की उत्तर येतं, "ह्ये काय, हितंच हाय की." रोज पायी चढणाऱ्याला ते खरंच इथेच असतं. तुम्ही मात्र घड्याळ बघून दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाणी घेत राहा.

वर पोचलात की सायकल दगडी पायऱ्यांपासून दूर लावा. क्लीटचे (पॅडलमध्ये अडकणारे) बूट गुळगुळीत फरशीवर घसरतात, ते काढूनच चाला. दगडांच्या सांध्यांत, उंबऱ्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर गुलाल मुरलेला दिसेल. "चांगभलं" म्हणा, पण इथे पोटभर खाऊ नका. अजून पन्हाळा आहे.

पन्हाळा

दानेवाडीकडून वाघबीळला उतरताना एक गोष्ट पक्की ठेवा: वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. ब्रेक सतत चिमटीत धरून ठेवले की रिम तापते. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वाघबीळला ट्रकची वर्दळ असते. खाली उतरा, दोन्ही बाजू बघा आणि सायकल हातात धरून महामार्ग ओलांडा.

पायथ्याच्या नेबापूरला वेळ काढून जा. सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना, जुलै 1660 मध्ये, महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेल्या शिवा काशिदांचं हे गाव. समाधीसमोर उभं राहिलं की वरच्या घाटाबद्दल कुरकुर करवत नाही. वर गेल्यावर तीन दरवाजा, अंधारबाव आणि अंबरखाना एवढं तरी बघाच. धान्याची ती कोठारं उन्हातसुद्धा गार असतात. कवी मोरोपंतांचा जन्म 1729 साली याच गडावर झाला. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थळांच्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळाही जागतिक वारशाच्या यादीत गेला. बुरुजांवर सायकल टेकवून फोटो काढू नका, दगडांचे सांधे जुने आहेत.

जेवण इथे: झुणका, भाकरी, खर्डा, दही. खाऊन अर्धा तास बसा. निघताना जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राचा एक कागद घाला, घामेजल्या अंगाला उताराचा वारा बाधतो. अकराच्या आत उतरायला लागलात तर केर्लीपासून पुढचं ऊन सुसह्य होतं.

घरी आल्यावर अंघोळीच्या आधी चेन पुसा. कोरड्या फडक्याने, पॅडल उलटं फिरवत, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. जोतिबाहून आलेल्या सायकलच्या फडक्यावर त्या काळ्यात थोडा गुलाबी रंगही उतरतो. मग प्रत्येक कडीवर तेलाचा एक-एक थेंब सोडा आणि जादाचं पुसून घ्या.