२८ मिमीचे शिपाई: अमेरिकन यादवीचे गणवेश रंगवताना

साताऱ्याच्या पावसाळ्यात या छोट्या प्रतिकृती-शिपायांवर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नका, पांढुरका थर धरतो. सांगलीत मे महिन्याच्या भर दुपारीही नको. रंग हवेतच सुकतो आणि शिपाई पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो. सकाळी, २०-२५ सेंमीवरून दोन हलके हात पुरे.

१८६१-६५ च्या उत्तरेच्या पायदळाचा कोट गडद निळा, पँट आकाशी. निळ्यात काळा मिसळलात तर हातभर अंतरावरून सगळा कोट काळाच दिसतो. मूळ रंगच किंचित उजळ घ्या. घड्यांच्या कडांवर करडा-निळा, शून्य नंबरच्या बारीक ब्रशने.

दक्षिणेची अख्खी पलटण एकाच करड्यात रंगवू नका, खोटी वाटते. करडा, मातकट तपकिरी, मधूनच शत्रूकडून मिळवलेली आकाशी पँट. काडतूसपेटी काळी, बक्कल पितळी. मॅट वार्निश दुसऱ्या दिवशी.