बार्बाडोसला पोहताय? आधी किनारा आणि झाड बघा

बार्बाडोस हे जेमतेम ३४ किलोमीटर लांबीचं बेट, पण त्याच्या दोन बाजूंचे समुद्र अगदी वेगळे आहेत. सोबत मुलं असतील तर पश्चिमेकडे उतरा. राजधानी ब्रिजटाउनला लागून असलेल्या कार्लाइल बेमध्ये पाणी शांत आणि नितळ असतं, स्नॉर्कलिंग करताना (म्हणजे चष्मा आणि श्वासाची नळी लावून पाण्याखाली बघताना) बुडालेली जहाजं आणि कासवं दिसतात. कासवांना हात मात्र लावू नका. पूर्वेचा बाथशेबा हा किनारा डोळे भरून बघावा, पण तिथे पोहण्याचा मोह आवरा. अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आदळतात आणि पाण्याला ओढही जबरदस्त असते. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत निवांत बसता येतं, तेवढं पुरे.

याहून महत्त्वाचं म्हणजे किनाऱ्यावरची सावली. मँचिनील नावाचं झाड वाळूच्या कडेलाच उगवतं. पानं चकचकीत, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वासही गोडसर. पण त्याचा पांढरा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि पावसात पानांवरून ठिबकणारं पाणीसुद्धा कातडी भाजतं. त्यामुळे सर आली की दिसेल त्या झाडाखाली धावू नका. बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा किंवा पाटी असते, पण सगळीकडे असेलच असं नाही. पडलेलं फळ मुलांना उचलू देऊ नका. चीक लागलाच तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टर गाठा.

आणि हो, लष्करी छापाचे कपडे बॅगेत भरू नका. तिथे नागरिकांनी, अगदी मुलांनीही, ते घालणं बेकायदेशीर आहे.