नुकसानीचा आकडा काढायला शिकताय? आधी विचारा, त्या शेतात नंतर काय पेरलं

एमए इकॉनॉमिक्स झालं, नेट दोनदा हुकली आणि जळगावातच राहून इकॉनॉमिक कन्सल्टिंग करते म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न आला, म्हणजे बँकेत का? आता सात वर्षं झालीत तरी आईला नीट सांगता येत नाही. कोर्टात नुकसानभरपाईचे दावे असतात, त्यात किती नुकसान झालं ते हिशोबाने मांडून द्यायचं, आणि अधूनमधून ग्रामपंचायत किंवा एखादी संस्था विचारते की या कामावर पैसा घालावा का, तर ते बघून द्यायचं. एवढंच काम. पण खान्देशात या कामाची पाटी लावून कोणी बसलेलं नाही, जाहिरात तर निघतच नाही. काम येतं ते वकिलाकडून, सीएकडून, व्हॅल्युअरकडून. पहिली दोन वर्षं मी ट्यूशनवर काढली, हे आधीच सांगून ठेवते म्हणजे नंतर कोणी बोलायला नको.

नवीन पोरं बहुतेक अपघाताच्या दाव्यांपासून सुरुवात करतात. तिथे आपल्याला फार वाव नाही. सरला वर्मा 2009 आणि प्रणय सेठी 2017, सुप्रीम कोर्टाच्या या दोन निकालांनी गणित ठरवून दिलंय. समजा अपघातात गेलेला 34 वर्षांचा गॅरेजवाला, कमाई महिना 20,000, मागे बायको, दोन पोरं आणि आई. चाळीशीच्या आतला स्वयंरोजगारवाला म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के, म्हणजे 28,000. वर्षाचे 3,36,000, त्यातून चौघे अवलंबून म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, 2,52,000, गुणिले 16 (त्या वयासाठी ठरलेला गुणक), झाले 40,32,000. हे वकिलाचा ज्युनिअरही करतो. खरं भांडण त्या 20,000 वर असतं, कारण गॅरेजवाल्याचं रिटर्न भरलेलं नसतं. तिथे सुट्या पार्ट्सची बिलं, दुकानभाडं, पतपेढीचे हप्ते यावरून उत्पन्न उभं करता आलं तर तुमची किंमत.

भूसंपादनाचं पण तसंच. 2013 च्या कायद्याचं कलम 26 वाचा, आजूबाजूच्या मागच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतली जास्त भावाची अर्धी घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची, मग ग्रामीण भागाचा गुणक, मग 100 टक्के दिलासा रक्कम. जमत नाही असं काही नाही.

आता मी जिथे आपटले ते सांगते. हे नीट वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

चोपड्याकडचे एक आबा. तीन एकर मृगबाग केळी, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली. शेजारून रस्त्याचं काम चाललेलं, ठेकेदाराने नाल्याची मोरी बुजवली आणि सप्टेंबरच्या पावसात बागेत पाणी तुंबून राहिलं, कंद सडले. दिवाणी दावा. मी हौशीने रिपोर्ट केला. एकरी 1,700 खोडं, म्हणजे 5,100. रास, म्हणजे एका घडाचं वजन, 20 किलो, म्हणजे 1,020 क्विंटल. भाव धरला क्विंटलला 1,500, कारण वकीलसाहेब म्हणाले की ह्या वर्षी तोच मिळतोय. 15,30,000. स्पायरल बाइंडिंग करून दिलं, फोटोबिटो लावून.

उलटतपासणीत समोरच्या वकिलाने केळीबद्दल फार काही विचारलंच नाही. तो म्हणाला, मॅडम, बाग काढल्यावर त्या शेतात काय होतं? मी म्हटलं, माहीत नाही. त्याने ई-पीक पाहणीची, म्हणजे शेतात कुठलं पीक आहे त्याची सरकारी नोंद पुढे सरकवली. रब्बी मका. मी मागे वळून आबांकडे बघितलं तर ते अगदी सहज म्हणाले, "तठे मका पेरेल व्हता ना ताई, तुम्ही ईचारंच नही." बिचाऱ्यांनी काहीच लपवलं नव्हतं.

चूक कुठे झाली ते सावकाश बघा. मी बागेचं सगळं उत्पन्न हेच नुकसान समजले. पण नुकसान म्हणजे दोन चित्रांमधला फरक. एक, मोरी बुजलीच नसती तर आबांच्या हातात शेवटी काय राहिलं असतं. दुसरं, बुजल्यावर प्रत्यक्षात काय राहिलं. लक्षात घ्या, आधी आणि नंतर असं नाही, मोरी बुजली नसती तर आणि बुजल्यामुळे, असं. मोरी नसती बुजली तरी शंभर टक्के खोडं निसवत नाहीत, म्हणजे सगळ्यांना घड येत नाही, 90 टक्के धरा, म्हणजे 4,590. रास आबांच्याच जुन्या काट्याच्या पावत्यांवर 17 किलो होती, 20 मी व्यापाऱ्याच्या तोंडून ऐकलेली. झाले 780 क्विंटल. भाव एका दिवसाचा नाही, कटाईच्या महिन्यांचा सरासरी, 1,100. म्हणजे 8,58,000. त्यातून बाग काढल्यामुळे जो खर्च करावाच लागला नाही तो वजा, पुढचं खत, ड्रिपमधून सोडायचं औषध, बांधणी, मजुरी, असे 2,40,000. मक्याचे खर्च जाऊन उरलेले 90,000 वजा, कारण करार कायद्याच्या कलम 73 मध्येसुद्धा स्पष्टीकरणात हेच आहे की नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते ते धरावे लागतात आणि असल्या दाव्यातही कोर्ट त्याच नजरेने बघतं. उरले 5,28,000. हा खरा आकडा होता आणि तो मिळण्यासारखा होता.

पण मी 15 लाख लिहून बसलेली. माझा रिपोर्ट बाजूला ठेवला गेला आणि आबांना पंचनाम्यातल्या रकमेवर समाधान मानावं लागलं, ती पाच लाखांच्या जवळपासही नव्हती. वर कोर्ट फी मागणीच्या रकमेवर भरलेली, ती फुगलेल्या आकड्यावर. जास्त मागितलं की मधे कुठेतरी मिटतं, हा सल्ला मला ज्यांनी दिला ते आजही देतात. ऐकू नका. तुम्ही एक्सपर्ट म्हणून शपथेवर उभे असता, तज्ज्ञाच्या मतासाठी आधी एव्हिडन्स ॲक्टचं कलम 45 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 39 आहे, आणि एक आकडा खोटा निघाला की बाकीचे खरे आकडेही त्याच्यासोबत जातात.

यावरून माझं एक मत झालंय, पटलं तर घ्या. एक्सेलचं तयार टेम्प्लेट कोणाकडून घेऊ नका, त्यात मक्याचा रकाना नसतो. आणि गुरू करायचाच तर पुण्या-मुंबईच्या फर्मवाल्याऐवजी एखादा रिटायर्ड तलाठी करा. सातबारा, फेरफार, इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), बाजार समितीची पावती कशी वाचायची आणि कुठली नोंद नुसती खानापूर्ती आहे हे त्याच्याइतकं कोणी सांगणार नाही. मी एका अण्णांकडे चार महिने दर शनिवारी जात होते, फी म्हणून फक्त चहा.

हाच सापळा गावाच्या कामातही असतो, फक्त तिथे वकील नसतो म्हणून कळत नाही. पारोळ्याकडच्या एका गावाने नाला खोलीकरण केलं, 2019 ला विहिरी भरल्या, ग्रामसभेत ठराव आला की अजून दोन नाले करू, शिरपूर पॅटर्न आणू, म्हणजे शिरपूर तालुक्यात नाले रुंद-खोल करून पाणी जिरवलं तसं. अहो पण 2018 ला दुष्काळ होता आणि 2019 ला पाऊस धो धो पडला! आधी कोरडी, नंतर भरलेली, यात नाल्याचं किती आणि पावसाचं किती? मी शेजारच्या, खोलीकरण न झालेल्या गावातल्या विहिरी मोजायला सांगितल्या. तिथेही पाणी वर आलं होतं, जरा कमी. तो "जरा" हाच नाल्याचा फायदा. शिवाय शिरपुरात तापीकाठचा गाळाचा भाग मोठा आहे, आणि ह्या गावाखाली काळा खडक, त्यात पाणी तसं मुरत नाही. सरपंच ताई माझ्यावर महिनाभर रागावल्या होत्या. ग्रामसभेत एनपीव्ही (पुढच्या खर्च-फायद्याची आजची निव्वळ किंमत) वगैरे शब्द मात्र काढू नका, दर घरामागे दर महिन्याला किती पडतं ते सांगा, पाणीपट्टीची भाषा सगळ्यांना येते.

घाबरवून टाकतेय असं वाटत असेल तर तसं नाही. गणित आठवीचंच आहे, खरंच. इंग्रजी कच्चं असलं तरी चालतं, माझं अजून आहे, निकाल दोनदा वाचते. पैसे उशिरा मिळतात, पण मिळतात. फी मात्र आधी ठरवा आणि ठरावीक रक्कमच ठरवा. मिळालेल्या रकमेवर टक्का देतो म्हणणारे भेटतील, वकिलांनासुद्धा बार कौन्सिलचे नियम तसं घेऊ देत नाहीत, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो की मॅडम, आकडा वाढला तर तुमची फी वाढते का.

परवा एका वकिलांचा फोन होता, डाळिंबाचं प्रकरण, अंदाजे किती निघेल ते आत्ता सांगा म्हणाले. मी म्हटलं, शेतकऱ्याचा नंबर द्या. त्यांनी अजून दिलेला नाही.