बिट बदलण्याआधी घोड्याचं तोंड बघा

बिट म्हणजे लगामाला जोडलेली, घोड्याच्या तोंडात राहणारी धातूची दांडी. नवं घ्यायला दुकानात जाण्याआधी घोड्याचा ओठ वर करा आणि चांगल्या उजेडात आत बघा. जिभेच्या कडा, ओठांचे कोपरे, आणि पुढचे दात व दाढा यांच्यामधली मोकळी हिरडी, जिथे बिट टेकतं. वरच्या दाढांच्या पुढ्यात कधीकधी एक बारीक दात असतो, वुल्फ टूथ. बिट त्याला लागलं की घोडा मान झटकतो आणि आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. दाढांच्या धारदार कडांनी गाल आतून सोलले असतील, तर कितीही महागडं बिट आणा, उपयोग नाही. आपल्याकडे नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. दात पशुवैद्यांना दाखवून, घासायचे असतील तर घासून घेऊन मगच पुढचं ठरवा. पाठ आणि खोगीरही त्याच फेरीत तपासा, कारण पाठ दुखत असली तरी घोडा तक्रार तोंडानेच करतो.

घोडा वरातीच्या कामातून आलेला असेल तर दुप्पट काळजी घ्या. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांना काटेरी बिट लावायला १९६५ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, तरी वरातीच्या घोड्यांच्या तोंडात ते आजही दिसतं. अशा घोड्याच्या जिभेवर वण असू शकतात आणि लगाम नुसता हलला तरी तो तोंड आभाळाकडे नेतो. त्याला आणखी कडक बिट घालून आवरायला जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

मापासाठी सुतळी पुरते. बिटाच्या जागी तोंडात धरा, दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी गाठ मारा आणि पट्टीवर मोजा. सुट्या कडीचं स्नॅफल, म्हणजे दोन्ही टोकांना फिरती कडी असलेलं साधं बिट, घेणार असाल तर दोन्हीकडे पाचेक मिलिमीटर जास्त ठेवा, नाहीतर कडीच्या भोकात ओठ चिमटतो. मारवाडी घोड्याचं माप थरोब्रेड या शर्यतीच्या जातीवरून ठरवू नका. जाड बिट सौम्यच, असं सरसकट मानतात, पण जीभ मांसल आणि टाळू सखल असेल तर जाड बिटाला आत जागाच नसते. एका सांध्याचं बिट दोन्ही लगाम ओढले की अडकित्त्यासारखं मिटतं, म्हणून मध्ये चपटा मणी असलेलं दोन सांध्यांचं स्नॅफल मला सुरुवातीला बरं वाटतं. विकत घेताना सांध्यावरून कापूस फिरवा. तंतू अडकला तर ते बिट परत ठेवा.

पहिल्या दिवशी बाकी काहीही बदलू नका, नाकपट्टीसुद्धा तीच. तिच्याखाली नाकाच्या हाडावर दोन बोटं जायला हवीत. डिसेंबरच्या पहाटे बिट आधी तळहातात गरम करा. मे महिन्यात ते कुंपणावर टांगून ठेवलं असेल तर पाण्यात बुडवूनच तोंडात द्या. आधी तबेल्यातच घालून घोड्याला चघळू द्या. मग लंजिंग, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवणं, पण दोरी बिटाला न बांधता मोहरकीला, म्हणजे बिट नसलेल्या तोंडाच्या पट्ट्याला. त्यानंतर स्वार होऊन बंद मैदानात चाल आणि दुडकी. लग्नसराईत जवळच्या लॉनवर डीजे लागणार असेल तर त्या संध्याकाळी बाहेर काढू नका. घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारालाही बिट गालपट्टीच्या कोणत्या भोकावर बांधायचं ते दाखवून ठेवा, रोज तोंडात घालणारा हात त्याचा असतो.

जबडा सैल, ओठांशी थोडा फेस असेल तर ठीक चाललंय. तोंड वासणं, जीभ बिटावरून काढणं, दात खाणं दिसलं तर उतरा आणि बिटाची तोंडातली उंची व माप पुन्हा बघा. काम संपल्यावर बिट साध्या पाण्याने धुवा आणि ओठांचे कोपरे बोटाने चाचपा. लाली किंवा ओरखडा असेल तर भरेपर्यंत बिट बंद, मोहरकीवर नुसतं फिरवणं.