बातमीसाठी माहिती मिळवताना या चुका टाळा

नाव छापले नाही म्हणजे ओळख लपवली, हा बातमीदारीतील सर्वांत घातक समज आहे. अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराच्या बातमीत ‘अक्कलकोट रस्त्यावरच्या टॉवेल कारखान्यातील कामगाराची आठवीत शिकणारी मुलगी’ एवढे लिहून जोडीला शाळेच्या फाटकाचे छायाचित्र दिले, तर ती कोण हे त्या वस्तीत घरोघरी कळते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार नावाबरोबरच पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा आणि परिसरही प्रसिद्ध करता येत नाही. प्रौढ पीडितेची ओळख भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने संरक्षित आहे आणि पीडिता हयात नसली तरी हे संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. तपशील पोलिसांच्या प्रेस नोटमध्ये होता किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच फिरत होता, या सबबीने छापणाऱ्याची जबाबदारी टळत नाही.

दुसरी चूक सिव्हिल हॉस्पिटलच्या अपघात विभागात घडते. जखमी माणूस अर्धवट शुद्धीत असताना त्याच्यासमोर मोबाइल धरणे आणि खाटेला लावलेल्या केसपेपरचा फोटो काढणे, याला काही जण तत्परता समजतात. रुग्णवाहिका किती वेळाने आली, डॉक्टर हजर होते का, रक्त बाहेरून आणायला लावले का, हे लोकांना कळलेच पाहिजे आणि ते विचारण्यात बातमीदाराने कचरू नये. मात्र त्यासाठी रुग्णाचे निदान किंवा पत्ता लागत नाही.

छुप्या कॅमेऱ्याबाबत २००७ चे दिल्लीचे प्रकरण विसरता येत नाही. एका शिक्षिकेवर बनावट स्टिंगमधून गंभीर आरोप झाले, जमावाने तिला मारहाण केली आणि नंतर ते चित्रणच रचलेले असल्याचे उघड झाले. उघडपणे विचारून किंवा कागदपत्रांतून जे मिळू शकते त्यासाठी छुपे चित्रण करू नये. ते करावेच लागले, तर कोणते सार्वजनिक हित त्यात आहे आणि दुसरा मार्ग का उरला नाही, हे संपादकाशी बोलून आधीच लिहून ठेवावे.

याच्या उलट चूक मला तितकीच गंभीर वाटते, आणि ती म्हणजे माहिती अधिकाराच्या अर्जाला ‘माहिती वैयक्तिक स्वरूपाची आहे’ एवढे उत्तर आल्यावर परत फिरणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्क मानले ते नागरिकाच्या रक्षणासाठी. ठेकेदाराची बिले झाकण्यासाठी नव्हे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक कामाशी तिचा संबंध आहे का, हे पाहावे लागे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ती अट काढली आणि नोव्हेंबर २०२५ पासून हा बदल लागू झाला. पत्रकारितेसाठी या नव्या कायद्यात स्वतंत्र सूट नाही, ही मोठी उणीव आहे. तरीही कलम ८(२) शाबूत आहे: माहिती उघड करण्यातील सार्वजनिक हित तिच्यामुळे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर ती देता येते.

म्हणून अर्ज करतानाच काळजी घ्यावी. उजनी धरणाच्या जलवाहिनीच्या दुरुस्तीवर सोलापूर महापालिकेने काय खर्च केला हे हवे असेल, तर व्यक्तींची नावे विचारण्याऐवजी कामाचा आदेश, झालेल्या कामाची मापे नोंदवणारी मोजमाप पुस्तिका आणि अदा केलेली बिले मागावीत. आधार क्रमांक, मोबाइल आणि घरचा पत्ता वगळून प्रती द्याव्यात, असे माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० चा (न देण्याजोगा भाग वगळून उरलेली माहिती देण्याची तरतूद) आधार घेऊन स्वतःच नमूद करावे. महाराष्ट्रात अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे पाल्हाळ नको. नकार आला, तर ३० दिवसांत पहिले अपील करून त्यात ८(२) चा स्पष्ट उल्लेख करावा आणि ‘जनहितार्थ’ असे मोघम न लिहिता कोणत्या भागात किती दिवसांआड पाणी येते व त्या खर्चाचा त्याच्याशी काय संबंध, हे मांडावे.

मिळालेल्या कागदांत लाभार्थ्यांचे बँक खाते किंवा आधार क्रमांक आलेच, तर ती पाने सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकू नयेत आणि छायाचित्र म्हणून छापण्यापूर्वी ते आकडे पूर्ण झाकावेत.